वाचक विचारतात : जुनी सीएनसी मिलिंग गाडीवर चढवताना

या वेळचे सगळे प्रश्न एकाच कामाबद्दल आहेत: वापरलेलं सीएनसी मिलिंग मशीन एका शेडमधून उचलून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं, तेही त्याची अचूकता न घालवता. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आम्ही वापरलेलं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, घेतलं आहे. वजन साधारण ४ टन, एक्सचा प्रवास ८०० मिलिमीटर. वाहतुकीत सरकते भाग जखडायला मशीनसोबत आलेले मूळ लाल ब्रॅकेट विकणाऱ्याकडे आता नाहीत. वाहतूकदार म्हणतो, ब्रॅकेट कशाला, वरून चार पट्टे आवळले की मशीन जागचं हलत नाही. चालेल का?

नाही. पट्टे मशीनला गाडीवर धरतात. मशीनच्या पोटात जे सुटं आहे, त्याला पट्टे धरत नाहीत. टेबल, त्याखालचं सॅडल आणि स्पिंडल धरणारं हेड हे सगळं वजन गाइडवर, म्हणजे सरकपट्ट्यांवर, बसलेलं असतं आणि त्याला जागेवर ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे बॉलस्क्रू (अक्ष हलवणारा, नटमधल्या गोळ्यांवर फिरणारा स्क्रू). एक्स (डावी-उजवी) आणि वाय (पुढे-मागे) या अक्षांच्या मोटरींना बहुतेक मशीनमध्ये ब्रेक नसतो. वीज गेली की त्या मोकळ्या. गाडीने करकचून ब्रेक मारला तर सॅडल टेबलासकट सरकत जातं आणि टोकाच्या स्टॉपरवर आदळतं. झेडला, म्हणजे वर-खाली अक्षाला, ब्रेक असतो, पण तो मोटरचा शाफ्ट धरतो, हेड नाही. हेड ४०० किलोचं असेल आणि खड्ड्यात गाडी तिप्पट जोराने आपटली, तर १२०० किलोचा दणका नटमधल्या मोजक्या गोळ्यांवर आणि स्क्रूच्या बेअरिंगवर येतो. बाहेरून रंगाचा टवकाही उडालेला नसतो आणि आत स्क्रूवर गोळ्यांचे ठसे पडलेले असतात. म्हणून मशीन गाडीवर बांधण्याआधी मशीनमध्येच बांधायचं.

मूळ ब्रॅकेट नसतील तर करून घ्या, ते अवघड नाही. आधी मशीनच्या पुस्तकात वाहतुकीची स्थिती शोधा. ती मिळाली तर तीच पाळा. नाहीच मिळाली तर एक्स मध्यावर ठेवा, म्हणजे टेबल दोन्ही बाजूंना सारखं राहील. वाय अशा जागी ठेवा की हेडच्या खाली टेबलाचा मधला, सॅडलने तोललेला भाग येईल.

झेडसाठी वाळलेल्या कठीण लाकडाचा ठोकळा घ्या, २०० बाय २०० मिलिमीटरचा, आणि रेषा उभ्या येतील असा उभा ठेवा. लाकूड रेषांच्या दिशेने दाबलं तर कितीतरी जास्त भार सोसतं, आडवं दाबलं तर चेपतं. वर १० मिलिमीटरची रबरशीट ठेवा. ठोकळा हेडच्या कास्टिंगखाली यायला हवा, स्पिंडलच्या नाकाखाली नाही, कारण तिथे टेकवलं तर प्रत्येक हिसका स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो. काही कंपन्यांचा स्वतःचा आधार वेगळ्या जागी बसतो. तो हाती असेल तर त्यांचंच ऐका.

आता हँडव्हीलने हेड खाली आणा. शेवटचे काही मिलिमीटर ०.०१च्या पायरीने, आणि नजर झेडच्या लोड मीटरवर. काउंटरवेट (हेड तोलणारं टांगतं वजन) नसलेल्या मशीनमध्ये हेड नुसतं धरून ठेवायलाही मोटरला सतत जोर लावावा लागतो, तो आकडा मीटरवर दिसत असतो. ठोकळ्यावर भार जाऊ लागला की आकडा उतरतो, शून्याजवळ येतो. तिथेच थांबा आणि इमर्जन्सी दाबा. आणखी खाली गेलात तर आकडा पुन्हा चढायला लागतो, म्हणजे मोटर आता हेडला ठोकळ्यावर दाबते आहे. तसं सोडलं तर तोच दाब पूर्ण प्रवासभर स्क्रूमध्ये अडकून राहतो. ठोकळा सरकू नये म्हणून टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये क्लॅम्प लावून चारही बाजूंनी अडवा. हेड वर उडू नये म्हणून कास्टिंगवरून टी-स्लॉटपर्यंत एक पट्टा घ्या, फक्त ढिलाई जाईल इतकाच ताणलेला.

एक्स आणि वायसाठी १२ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल पुरतो. एक्सचा ब्रॅकेट टेबल आणि सॅडलमध्ये, वायचा सॅडल आणि बेडमध्ये. मूळ ब्रॅकेटची आटे पाडलेली भोकं कास्टिंगवर असतातच, बहुधा प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली किंवा रंगाखाली बुजलेली. नव्या ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा. चूक होते ती बोल्ट आवळताना. ब्रॅकेट दोन मिलिमीटर आखूड असतो, तरी पान्याच्या जोरावर टेबलच ओढून घेतलं जातं. इमर्जन्सी दाबलेली ठेवून स्क्रीनवरचा अक्षाचा आकडा बघत आळीपाळीने बोल्ट आवळा. आकडा ०.००५ पेक्षा जास्त हलला तर थांबा, बोल्ट सैल करा, फटीत पत्र्याची शिम घाला आणि पुन्हा आवळा. ब्रॅकेट अक्षाला जुळवायचा असतो, अक्ष ब्रॅकेटला नाही.

टेलिस्कोपिक कव्हरला कुठलाही टेकू देऊ नका. ते पत्र्याचं असतं, भार घेत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या बॉक्स वे (चौकोनी सरकपट्ट्यांच्या) मशीनच्या कॉलममध्ये साखळीला टांगलेलं काउंटरवेट आहे. हेडखाली ठोकळा लावला की पुरे ना?

पुरे नाही. ठोकळ्यामुळे हेड थांबतं, वजन मात्र कॉलममध्ये टांगलेलंच राहतं. गाडी उसळली की ते वर उडतं, साखळी ढिली पडते, स्प्रॉकेटवरून उतरते आणि मग अख्खं वजन झटक्याने साखळीवर येतं. आडव्या हेलकाव्यात तेच वजन कॉलमच्या भिंतींवर आतून हातोड्यासारखं बसतं.

कॉलमच्या मागच्या किंवा बाजूच्या झाकणामागे वजन अडवायची भोकं असतात. हेड विशिष्ट उंचीवर आणलं की कॉलमचं भोक आणि वजनातलं भोक समोरासमोर येतात, त्यातून पिन किंवा लांब बोल्ट जातो. म्हणून क्रम असा: आधी हेड त्या उंचीवर न्या, पिन घाला, मग त्याच उंचीला पुरेल असा ठोकळा कापून हेडखाली बसवा. ठोकळा आधी कापलात तर भोकं जुळणार नाहीत. इथे लोड मीटरची वरची युक्तीही चालत नाही. हेडचा बराचसा भार वजनानेच तोललेला असतो, त्यामुळे मीटर आधीच शून्याजवळ असतो. ठोकळा हाताने सरकेनासा होणं हीच खूण धरा. पिन घातल्यावर झेड हलवायचा प्रयत्न कुणी करू नये म्हणून पॅनेलवर चिठ्ठी चिकटवा.

हेड हायड्रॉलिक किंवा नायट्रोजनच्या सिलिंडरवर तोललेलं असेल तर आधी ठोकळा, मग पुस्तकात दिल्याप्रमाणे दाब सोडणं. उलट क्रमात हेड खाली येतं, आणि त्या वेळी बहुतेक कुणाचा तरी हात खाली असतो.

प्रश्न : मुख्य स्विच बंद करण्याआधी कुठली कामं उरकावीत?

मशीन जिवंत आहे तोवरच होणारी कामं बरीच आहेत, आणि वीज तोडल्यावर आठवून उपयोग नसतो.

पहिलं काम बॅकअप. पॅरामीटर, लॅडर (मशीनचा अंतर्गत तर्क-प्रोग्रॅम), पिच एररची दुरुस्ती, मॅक्रो, ऑफसेट, प्रोग्रॅम हे सगळं कार्डवर किंवा यूएसबीवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून फाइल रिकामी नाही ना, ते बघा. फॅनुक कंपनीचा कंट्रोल असेल तर बूट स्क्रीनमधून एसरॅमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा) पूर्ण बॅकअपही घ्या. सॉफ्ट कीच्या ओळीतली उजवीकडची शेवटची दोन बटणं दाबून धरून वीज दिली की तो स्क्रीन येतो. पॅरामीटरची छापील प्रत कॅबिनेटच्या दारात असते, पण ती मशीन नवीन असतानाची. नंतर कुणी काय बदललं ते तिच्यात नसतं.

दुसरं, बॅटऱ्या. मशीन महिनाभर बंद पडून राहणार असेल तर कंट्रोलची आणि अॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या मापकाची) बॅटरी आत्ताच बदला. एन्कोडरची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. बंद मशीनमध्ये ती काढली की तिन्ही अक्षांची रेफरन्स जागा, म्हणजे मोजमापाची मूळ जागा, विसरली जाते. एन्कोडरची केबल मोटरपासून उपसली तरी तेच होतं. उंची कमी करायला झेडची मोटर काढावी लागणार असेल तर हे गृहीत धरून चाला. तिन्ही अक्ष रेफरन्सला न्या आणि सरकता भाग व स्थिर कास्टिंग यांच्या सांध्यावर टोकदार सुईने एकच सरळ रेघ ओढा. नव्या जागी रेफरन्स परत बसवताना ही रेघ फार उपयोगी पडते.

तिसरं, मोजमाप. स्पिंडलला डायल लावून टेबलावर ३०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ फिरवा आणि चारही बाजूंचे आकडे लिहा. स्पिंडलच्या टेपरमधलं रनआउट (फिरताना होणारी डगमग), एक्स-वायचा काटकोन, प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश (दिशा बदलताना लागणारी ढिलाई), हेही तिथेच लिहा. विकणारा आणि घेणारा दोघांसमोर झालं तर उत्तम. हे आकडे नसतील तर नंतर दिसलेला दोष प्रवासातला की आधीचा, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

शेवटी तिन्ही अक्ष पूर्ण प्रवासावर दहा-बारा वेळा फिरवा आणि ल्युब पंप हाताने चालवून गाइडवर तेल आणा. हे वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. स्थिर उभी असलेली बेअरिंग आणि गाइड तासन्‌तास बारीक थरथरत राहिली की गोळ्याखालची तेलाची साय निघून जाते आणि धातू धातूवर घासतो. तिथे गंजासारखी तांबूस पूड दिसते आणि गोळ्यांच्याच अंतरावर खळगे पडतात. मशीन एकदाही आदळलं नसलं तरी हे होऊ शकतं.

प्रश्न : टूल, कुलंट, तेल, दरवाजे यांचं काय करावं?

मॅगझिनमधले सगळे टूल काढा, एकही ठेवू नका. पकडीतून सुटलेला टूल बंद दरवाज्याआड बराच विध्वंस करतो. छत्रीसारखा सरकणारा टूल चेंजर असेल तर त्याचा सरकता भाग मागच्या टोकाला ब्रॅकेटने अडवा. आर्मवाला असेल तर आर्म मूळ स्थितीत ठेवून ड्रम बांधा. स्पिंडलचा टेपर पुसून तेलाचा पातळ हात द्या आणि प्लॅस्टिकचं बूच लावा.

कुलंटची टाकी रिकामी करून वेगळी न्या, चिप कन्व्हेयरही वेगळा. बेडच्या खोबणीत, केबल ट्रेमध्ये आणि टेबलाच्या निचऱ्याच्या नळीत कुलंट उरलेलंच असतं. मशीन कललं की तेच कॅबिनेटकडे वाहतं. ल्युब आणि हायड्रॉलिकच्या टाक्याही रिकाम्या करा, उघड्या नळ्यांना टोप्या लावा.

दरवाजा चिकटपट्टीने बांधू नका. वळणावर ती फाटते. चौकटीतून बोल्ट किंवा पट्टीच लावा. पॅनेलचा झुलता हात वळवून मशीनच्या अंगाशी आणा आणि बांधा, स्क्रीनवर फोम ठेवा. कॅबिनेट उघडून ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आणि कार्डं घट्ट बसली आहेत का ते बघा. जी केबल सोडवाल तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावून फोटो काढा.

प्रश्न : आमच्याकडे ५ टनांची फोर्कलिफ्ट आहे, मशीन ४ टनांचं. मग क्रेन लागणार नाही ना?

लागू शकते. फोर्कलिफ्टवरचा ५ टनांचा आकडा ठरावीक लोड सेंटरसाठी असतो, म्हणजे फाळांच्या उभ्या तोंडापासून भाराच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतरासाठी. समजा ते ६०० मिलिमीटर आहे आणि पुढच्या चाकाच्या धुरीपासून फाळांच्या तोंडापर्यंत ५०० मिलिमीटर. म्हणजे फोर्कलिफ्ट ११०० मिलिमीटरवर ५ टन तोलते.

आता मशीन २४०० मिलिमीटर खोल आहे असं धरा. कॉलम मागे असल्यामुळे गुरुत्वमध्य मध्यावर नसतो, मागच्या बाजूला सरकलेला असतो. मागून फाळ घातले तर तो तोंडापासून १००० मिलिमीटरवर येतो. तेव्हा क्षमता ५ गुणिले ११०० भागिले १५००, म्हणजे सुमारे ३.७ टन. समोरून घातले तर अंतर १४०० आणि क्षमता जेमतेम २.९ टन. दोन्हीकडून ४ टनांचं मशीन उचललं की मागची चाकं हलकी होणार. ७ टनांची फोर्कलिफ्ट मागून घातली तर तिची क्षमता ५ टनांच्या पुढे राहते, मग काम सुरक्षित होतं. हा हिशेब ढोबळ आहे. मास्टवरच्या पाटीवर अंतरानुसार आकडे दिलेले असतात, अंतिम शब्द त्या पाटीचा.

फाळ मशीनखालच्या ठरवून दिलेल्या जागेतच घाला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलेले दिसू द्या. अर्धवट फाळ बेडच्या पातळ रिबवर टेकतात आणि कास्टिंगला तडा जातो. उचलण्याआधी एकाने दोन्ही बाजूंनी वाकून बघावं की ड्रेनचा पाइप, केबलची नळी फाळाखाली चेपत तर नाही ना.

क्रेनने उचलायचं असेल तर स्लिंगचा कोन बघा. जमिनीशी ६० अंशांचा कोन असेल तर दोन पायांच्या स्लिंगमध्ये प्रत्येक पायावर वजनाच्या ०.५८ पट ताण येतो, ४५ अंशांना ०.७१ पट, आणि ३० अंशांना एकेका पायावर अख्खं वजन. चार पायांची स्लिंग असली तरी भार दोनच पाय उचलताहेत असं धरून निवडा, चारही पाय कधी सारखे ताणले जात नाहीत. ४ टनांना ६० अंशांवर प्रत्येक पाय किमान २.३ टनांचा हवा. स्लिंग पत्र्याला किंवा झेडच्या मोटरला घासत असेल तर स्प्रेडर बार वापरा. उचलताना आधी ५० मिलिमीटरच वर घ्या, थांबा, मशीन कुठे झुकतं ते बघा, खाली ठेवून हुक सरकवा.

प्रश्न : मशीन लाकडी स्किडवर बसवावं की थेट गाडीवर?

रस्त्याने एकच प्रवास आणि दोन्ही टोकांना क्रेन असेल तर आमचं मत थेट गाडीवर. मशीन मध्ये कुठे उतरवून पुन्हा चढवायचं असेल, किंवा कंटेनरमध्ये जायचं असेल, तर स्किड हवीच.

स्किड म्हणजे नुसते ओंडके नव्हेत. मशीनच्या पायांमधलं अंतर १२०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ११०० मिलिमीटरवर आहे असं समजा. वळणावर आडवा जोर वजनाच्या निम्मा धरतात. ११०० चे निम्मे ५५०, आणि पायांच्या अंतराचं अर्धं ६००. मशीन जेमतेम उभं राहतं. आता खाली १५० मिलिमीटरचे ओंडके ठेवले की गुरुत्वमध्य १२५० वर गेला. त्याचे निम्मे ६२५, म्हणजे ६०० च्या पुढे. जे मशीन जमिनीवर भक्कम होतं तेच ओंडक्यांवर कलंडू शकतं. तीच स्किड १८०० मिलिमीटर रुंद करून मशीन तिला बोल्टने जखडलं तर अर्धी रुंदी ९०० होते आणि चिंता संपते.

बोल्ट पायांच्या भोकांतून आरपार घ्या, खाली मोठे वॉशर लावा. लेव्हलिंग स्क्रू पूर्ण वर घ्या. मशीन कधीही लेव्हलिंग स्क्रूवर उभं ठेवून नेऊ नका, पहिल्याच आडव्या हिसक्याला ते वाकतात. स्किड वाकडी असेल तर बोल्ट आवळताना बेडला पीळ बसतो. जो पाय अधांतरी असेल त्याखाली आधी पत्रा सरकवा, मग आवळा.

प्रश्न : गाडीवर किती पट्टे किंवा साखळ्या लागतील? हिशेब कसा करायचा?

रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी जे आकडे सर्रास धरतात ते असे: पुढे, म्हणजे ब्रेक लागताना, वजनाच्या ०.८ पट जोर, आणि मागे व दोन्ही बाजूंना ०.५ पट. युरोपचं ईएन १२१९५ हे मानकही हेच धरतं. ४ टनांच्या मशीनला पुढे ३२०० किलोचा जोर झाला.

यातला काही जोर घर्षण सोसतं. रंगवलेलं लोखंड गाडीच्या लोखंडी पत्र्यावर असेल तर घर्षण ०.२ च्या आसपास, आणि तेलाचा ओघळ असेल तर त्याहून कमी. म्हणजे ८०० किलो घर्षणाचे, उरलेले २४०० बांधणीने धरायचे. खाली घसरणरोधक रबरी मॅट घातली तर घर्षण ०.६, बांधणीला उरतात ८०० किलो. ८ ते १० मिलिमीटर जाडीची मॅट पायांखाली घातल्याने काम तिपटीने हलकं होतं, म्हणून मॅटशिवाय मशीन चढवूच नये. मात्र मशीनचा कुठलाही कोपरा मॅटबाहेर गाडीला टेकता कामा नये.

आता वरून घेतलेल्या पट्ट्यांचा हिशेब. साध्या रॅचेटने हाताने ३०० किलोच्या आसपास ताण बसतो. दोन्ही बाजू मिळून मशीनवर ६०० किलोचा दाब. ०.२ घर्षणाने तो पट्टा फक्त १२० किलो धरतो. २४०० किलोंना २० पट्टे! मॅट असेल तर ३६० किलो प्रत्येकी, म्हणजे तीन पट्टे, पण ते सगळे पत्र्याच्या छपरावरून जाणार आणि छप्पर चेपणार. पहिल्या प्रश्नातल्या वाहतूकदाराचा सल्ला इथेही टिकत नाही.

योग्य पद्धत म्हणजे बेडच्या उचलण्याच्या जागांपासून चार कोपऱ्यांना तिरप्या साखळ्या, ग्रेड ८०, ८ मिलिमीटर. बांधणीसाठी अशा साखळीची क्षमता ४००० डेकान्यूटन, म्हणजे साधारण ४ टन. साखळी गाडीच्या पृष्ठभागाशी ३५ अंश आणि वरून पाहता गाडीच्या लांबीशी ४५ अंश असेल तर तिचा ५८ टक्के जोर पुढच्या दिशेला कामी येतो. पुढचा जोर रोखणाऱ्या दोन साखळ्या मिळून ४.६ टनांच्या पुढे झाल्या. एवढं बळ मॅट नसतानाही पुरतं. साखळी अडकवायची गाडीवरची कडीही तितकीच भक्कम हवी. फाळक्याच्या पातळ पट्टीत हुक अडकवलेला दिसला तर गाडी सोडू नका.

पट्टेच वापरायचे असतील तर ५० मिलिमीटरचे घ्या. सरळ ओढीला त्यांची क्षमता २५०० डेकान्यूटन असते. कास्टिंगच्या धारेवर कोपऱ्याचा रक्षक ठेवा, पट्ट्याला गाठ कधीही मारू नका, आणि रॅचेटच्या रिळावर दोन ते तीन वेढे बसू द्या. टेबल, हेड, पत्रा, पॅनेलचा हात यांना बांधणी नको. टेबलाला पट्टा बांधला की गाडीचा सगळा जोर गाइडमधून जातो, मग आतले ब्रॅकेट लावून काय मिळवलं?

निघाल्यावर अर्ध्या तासाने किंवा ५० किलोमीटरवर गाडी थांबवून सगळं पुन्हा आवळा. लाकूड आणि रबर तोवर बसलेलं असतं.

प्रश्न : प्लॅस्टिक गुंडाळलं की गंजापासून सुटका होते ना?

नुसत्या प्लॅस्टिकने उलट होतं. दुपारी आतली हवा तापते, रात्री गार होते आणि दमट हवेतलं पाणी कास्टिंगवर दव होऊन बसतं. उघड्या धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर आधी गंजरोधक तेल, त्यावर गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद, मग प्लॅस्टिक. समुद्रमार्गे जाणार असेल तर ओलावा शोषणाऱ्या पिशव्या घालून फॉइलमध्ये सील करा. ताडपत्री वेगळी, सर्वांत वर. थंडीतून उबदार शेडमध्ये आणलेलं मशीन लगेच उघडू नका, २४ तास गुंडाळलेलंच राहू द्या. नाहीतर गार कास्टिंगवर पाणी तुमच्या डोळ्यांदेखत जमतं.

प्रश्न : माझ्याकडे सीएनसी बसवलेली छोटी नी-टाइप (टेबल वर-खाली करणारा कंस, म्हणजे नी, असलेली) मिलिंग आहे, टनभर वजनाची. तिलाही एवढं सगळं लागतं का?

ब्रॅकेटचं सोपं होतं, कलंडण्याचा धोका वाढतो. तिचा पाया अरुंद आणि वजन वर. नी शक्य तितकी खाली आणा आणि तिच्याखाली लाकूड देऊन भार त्यावर टेकवा. रॅम मागे घ्या, टेबल मध्यावर ठेवा. हेड फिरवून खाली डोकं करता येत असेल तर करा, गुरुत्वमध्य बराच खाली येतो. पण हेडचे बोल्ट सैल करण्याआधी त्याला स्लिंगने धरा. बोल्ट सुटताच ते स्वतःच्या वजनाने फिरतं. गिबचे (सरकपट्ट्या आवळणाऱ्या पाचरींचे) खटके आवळा, पण त्यांच्यावर विसंबू नका. ते कापकामाचा जोर धरायला असतात, खड्ड्यांचा नाही. पायाला रुंद फळ्या बोल्टने जोडल्याशिवाय हे मशीन गाडीवर नको.

प्रश्न : मशीन पोचलं. आता वीज जोडून बघू का?

थांबा. बांधणी सोडण्याआधी चारही बाजूंचे फोटो घ्या. साखळी कुठे सैल झाली, पाय मॅटवर सरकल्याची खूण आहे का, हे आता दिसतं, उतरवल्यावर नाही.

जागेवर ठेवल्यावर आधी ढोबळ लेव्हल, मग ब्रॅकेट. बांधताना किती ब्रॅकेट, किती बोल्ट, किती पिना लावल्या त्याची यादी मुख्य स्विचच्या दांडीला तारेने अडकवलेली असावी. ती यादी आकड्यासकट जुळेपर्यंत स्विच चालू करायचा नाही. एक विसरलेला ब्रॅकेट आणि रेफरन्सला निघालेला अक्ष, एवढंच पुरतं स्क्रूचा सपोर्ट बेअरिंग जायला. फक्त हेडखालचा ठोकळा राहू द्या, तो वीज आल्यावर काढायचा.

वीज जोडताना ट्रान्सफॉर्मरचा टॅप तुमच्या व्होल्टेजवर आहे का बघा. तीन फेजचा क्रम उलटा असला तरी सर्वो मोटरी बरोबरच फिरतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. हायड्रॉलिक, कुलंट आणि चिलरचे पंप मात्र उलटे फिरतात. पंपाच्या पंख्याची दिशा बाणाशी पडताळून घ्या. टाक्या भरा, ल्युब पंप चालवून गाइडवर तेल आलेलं बघा. मग पहिली हालचाल फक्त झेड वर, हँडव्हीलने, बारीक पायरीने. ठोकळा सैल झाला की काढा. काउंटरवेटची पिन ठोकळा काढायच्या आधीच काढलेली असली पाहिजे.

रेफरन्स हरवल्याचा अलार्म आला तर सुईच्या रेघा जुळवून तो परत बसवा. फॅनुकमध्ये त्याच्या खुणा १८१५ या पॅरामीटरमध्ये असतात. त्यानंतर पहिलं टूल बदलणं ऑटोमध्ये नको. झेडची टूल बदलण्याची उंची थोडी जरी चुकली तरी आर्म होल्डरला धडकतो. एकेक पायरी हाताने चालवून उंची आणि स्पिंडलची दिशा डोळ्याने बघा.

लेव्हल ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरच्या पाणसळीने करा, टेबल मध्यावर ठेवून, एक्स आणि वाय दोन्ही दिशांना. मग टेबल टोकाला नेऊन बुडबुडा सरकतो का बघा. सरकला तर बेडला पीळ आहे. त्यानंतर निघण्याआधीचा आकड्यांचा कागद काढा आणि तेच वर्तुळ, तोच ३०० मिलिमीटर व्यास, तोच डायल फिरवा. स्पिंडल पहिल्या दिवशी ५०० आरपीएमवर अर्धा तास, मग टप्प्याटप्प्याने वर. लेव्हल आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने तपासा. नव्या फरशीवर पाय तोवर बसत असतात. ब्रॅकेट तेल लावून पिशवीत भरा आणि कॅबिनेटच्या तळाशी ठेवा.